जिवंतांची यादी कोण करणार? १९७१ च्या सैनिकांचा बांगलादेशाने केलेला सन्मान आणि सातारा जिल्ह्यातील एक प्रकरण

कोरेगाव तालुक्यातील एका गावात १९७१ च्या युद्धाशी बांधलेली दोन घरे आहेत. एका घरातला जवान त्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर धारातीर्थी पडला. दुसऱ्या घरातला जवान त्याच पलटणीत, त्याच लढाईत होता. तो परत आला, पुढे हवालदार झाला, पेन्शनीवर आला आणि आज सत्तरी ओलांडून गावीच राहतो. ज्या देशाच्या मुक्तीसाठी हे दोघे लढले, त्या बांगलादेशाने २०१७ साली भारतीय सैनिकांचा राष्ट्रीय सन्मान करण्याचा निर्णय अमलात आणला. त्या निर्णयात पहिले घर बसते आणि दुसरे बसत नाही. हा फरक कसा निर्माण झाला, तो योग्य आहे का आणि तो दूर करायचा असेल तर काम नेमके कोणाचे आहे, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण लिहिले आहे. दोन्ही कुटुंबांच्या कागदपत्रांच्या कामात मदत करताना मला जे पाहायला मिळाले, त्यावर ते आधारलेले आहे. नावे आणि गाव मुद्दाम दिलेले नाहीत.

चौकशीला सुरुवात झाली ती हवालदारांच्या नातवामुळे. सप्टेंबर २०२२ मध्ये बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या असताना त्यांनी १९७१ च्या युद्धात वीरगती मिळालेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांच्या २०० वारसांसाठी मुजीब शिष्यवृत्ती जाहीर केली. दहावी आणि बारावीच्या स्तरावरच्या विद्यार्थ्यांसाठी ती होती. नातू त्या वेळी अकरावीला होता. बातमी वाचून त्याने आजोबांना विचारले, की आपण यात येतो का. आजोबांना उत्तर माहीत नव्हते. उलट त्यांची पहिली शंका अशी होती, की परक्या सरकारकडून काही घेतले तर पेन्शनीला धक्का तर लागणार नाही ना. ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या माणसाने उभे आयुष्य हुकमाप्रमाणे काढले, त्याला नियम आधी आठवतो.

नियमाचे उत्तर तसे सोपे आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १८ प्रमाणे भारतीय नागरिकाला परकीय राज्याकडून किताब स्वीकारता येत नाही, आणि शासकीय पदावर असलेल्याला परकीय राज्याकडून भेट किंवा मानधन घ्यायचे असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. युद्धातील सहभागाची आठवण म्हणून दिलेले सन्मानपत्र किंवा पदक हा किताब नव्हे, आणि निवृत्त हवालदार शासकीय पदावर नाही. शिवाय बांगलादेशाचा हा सन्मान भारत सरकारला डावलून आलेला नाही. ८ एप्रिल २०१७ रोजी दिल्लीच्या माणेकशॉ सेंटरमध्ये शेख हसीनांनी तो दिला, तेव्हा भारताचे पंतप्रधान स्वतः व्यासपीठावर होते. हे समजावून सांगितल्यावर हवालदारांनी आपली डिस्चार्ज बुक आणि पदके ट्रंकेतून बाहेर काढली.

पदकांमध्ये ‘पूर्वी स्टार’ होता. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर सेवा केलेल्यांसाठी भारत सरकारने हे पदक काढले, पश्चिम आघाडीसाठी ‘पश्चिमी स्टार’, आणि त्या काळातल्या सैनिकी सेवेसाठी ‘संग्राम पदक’. सातारा जिल्ह्यातील अनेक घरांत ही पदके आहेत. पण फितीचा रंग आणि पदकावरचे नाव यांवरून आपला माणूस नेमक्या कोणत्या आघाडीवर होता, हे पुढच्या पिढीला सांगता येत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली या पदकात आहे. कारण बांगलादेशात कोण लढले, याचा पुरावा शोधण्यासाठी नव्याने काही करण्याची गरज नाही. तो पुरावा भारत सरकारने पन्नास वर्षांपूर्वीच धातूत ओतून, नाव कोरून घरोघर पोचवलेला आहे.

हवालदार पहिल्या मराठा पलटणीतले, म्हणजे जंगी पलटणीतले. ही पलटण ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती आणि तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्याकडे होते. मेघालयाच्या बाजूने कमालपूर, बक्षीगंज असे उतरत, ब्रह्मपुत्रा ओलांडून ती जमालपूरच्या मागे जाऊन बसली. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांच्या हाताखाली मोर्चे बांधून होती. शरण येण्याचे पत्र घेऊन जहुरुल हक मुन्शी नावाचा मुक्तियोद्धा, म्हणजे बांगलादेशाच्या मुक्तीसाठी लढणारा तिथला स्थानिक लढवय्या, ठाण्यात गेला. सुलतान अहमद यांनी नकाराच्या पत्रात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ती पलटण वेढा फोडून ढाक्याकडे निसटू पाहत होती, तेव्हा मराठ्यांच्या मोर्च्यांवर तिची धडक झाली आणि रात्रभर लढाई झाली. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. पहिल्या घरातला जवान याच मोहिमेत कामी आला. हवालदारांच्या खांद्यात स्प्लिंटर घुसला होता. पलटणीच्या डॉक्टरने तो तिथेच काढला, पट्टी बांधली, आणि ते पलटणीबरोबर पुढे टांगाईलकडे चालू लागले.

टांगाईलला जे घडले, ते सातारकरांना ठाऊक असायला हवे. ११ डिसेंबरला दुपारी दुसरी पॅरा पलटण टांगाईलजवळ हवाई छत्र्यांतून उतरली आणि तिने पुंगली पूल ताब्यात घेतला. दुसऱ्या दिवशी जंगी पलटण येऊन तिला मिळाली. ही दुसरी पॅरा म्हणजे पूर्वीची तिसरी मराठा पलटण. दुसऱ्या महायुद्धात इटलीत याच दोन पलटणींतल्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता: तिसरीतल्या यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये मरणोत्तर, आणि पहिलीतल्या नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी. घाडगे पडले त्या भागातल्या मोंतोने या छोट्या गावाने २०२३ साली त्यांच्या नावाने सौरघड्याळाचे स्मारक उभारले. एका इटालियन गावाला एका मराठी नाईकाची आठवण सुमारे ऐंशी वर्षांनी ठेवावीशी वाटली, ही मोठी गोष्ट आहे. आणि ती ठेवताना ते स्मारक पाहायला तिथे उभा राहू शकेल असा त्याचा एकही साथीदार उरला नव्हता, हेही तितकेच खरे असावे.

बांगलादेशाने इतका उशीर का केला, हा प्रश्न हवालदारांच्या घरात सरळ विचारला गेला. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

पहिला भाग असा, की स्वातंत्र्यानंतर बांगलादेशाने आपले शौर्यसन्मान लवकर ठरवले. डिसेंबर १९७३ च्या राजपत्रात वीरश्रेष्ठ ७, वीर उत्तम ६८, वीर विक्रम १७५ आणि वीर प्रतीक ४२६, असे एकूण ६७६ सन्मान जाहीर झाले. सुलतान अहमद यांच्याकडे पत्र घेऊन जाणारे जहुरुल हक मुन्शी यांना वीर प्रतीक मिळाले. या सगळ्या यादीत परदेशी माणूस एकच, डब्ल्यू. ए. एस. ऑडरलँड. जन्माने डच आणि पुढे ऑस्ट्रेलियाचे नागरिक झालेले हे गृहस्थ बाटा कंपनीच्या टोंगी येथील कारखान्याचे व्यवस्थापक होते आणि त्यांनी मुक्तियोद्ध्यांना गुप्तपणे मदत केली होती. भारतीय सैनिक या यादीत नाहीत. यात अवमान नव्हता; ते दुसऱ्या सार्वभौम देशाच्या फौजेचे शिपाई होते, त्यांच्या शौर्याची दखल त्यांच्या देशाने घ्यायची, असाच सर्वसाधारण संकेत आहे, आणि भारताने ती घेतलीही. पूर्व आघाडीवर लान्स नाईक आल्बर्ट एक्का यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले ते याच युद्धात.

दुसरा भाग राजकारणाचा आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी बांगलादेशाचे संस्थापक नेते शेख मुजीबुर रहमान यांची हत्या झाली आणि त्यानंतर बराच काळ तिथल्या सत्तेला भारताच्या वाट्याचा उल्लेख करणे सोयीचे नव्हते. मुक्तिसंग्रामाला चाळीस वर्षे होत असताना वातावरण बदलले. २५ जुलै २०११ रोजी इंदिरा गांधींना मरणोत्तर ‘बांगलादेश स्वाधीनता सन्मानना’ देण्यात आली. त्यानंतर ‘मुक्तियुद्ध सन्मानना’ आणि ‘मुक्तियुद्ध मैत्री सन्मानना’ या दोन श्रेणींत शेकडो परदेशी व्यक्ती आणि संस्थांचा ढाक्यात गौरव झाला. १९७१ मध्ये भारताच्या पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ असलेले लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांना २०१२ साली बोलावून सन्मान दिला गेला. राजकारणी, पत्रकार, कलावंत, डॉक्टर, सेनानी अशा सगळ्यांना त्यात जागा मिळाली. साध्या शिपायाची पाळी आली २०१७ साली, आणि तीही वीरगती मिळालेल्यांपुरती. त्या वेळी १,६६१ भारतीय सैनिकांचा सन्मान करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि दिल्लीच्या कार्यक्रमात त्यांपैकी सात जणांच्या कुटुंबीयांना तो प्रत्यक्ष देण्यात आला. आल्बर्ट एक्का हे त्या सातांत होते.

या सन्मानांच्या इतिहासातला एक डाग इथे नोंदवला पाहिजे, कारण तो वगळला तर चित्र खोटे होईल. परदेशी मित्रांना जी सन्मानचिन्हे देण्यात आली, त्यांत एक भरी सोने, म्हणजे ११.६६४ ग्रॅम, असायला हवे होते. २०१४ साली एका चिन्हाची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा सोळा आण्यांपैकी जवळपास बारा आणे सोने गायब असल्याचे निघाले. चांदीच्या जागीही पितळ, तांबे, जस्त होते. हे प्रकरण ढाक्याच्याच वर्तमानपत्राने बाहेर काढले आणि तिथल्या लोकांनाच त्याची सर्वाधिक लाज वाटली, ही जमेची बाजू. पण यातून घ्यायचा धडा माझ्या दृष्टीने सोन्याच्या तपासणीचा नाही. सन्मानाच्या वस्तूत सोने घातले की ती ठेकेदाराच्या हातात जाते, महाग होते, आणि महाग झाली की मोजक्यांनाच देता येते. हवालदारांना तोळाभर सोने नको होते. त्यांना हवा होता एक कागद, ज्यावर त्या देशाची मुद्रा असेल आणि जमालपूरचे नाव असेल.

आता दोन घरांच्या फायलींकडे वळतो.

वीरपत्नीच्या घरची फाईल वरवर पाहता सोपी होती. लढाईत पडल्याची नोंद स्पष्ट, पूर्व आघाडी स्पष्ट, पलटण स्पष्ट. १,६६१ च्या निर्णयाचा निकष त्यांना तंतोतंत लागू पडतो. अडचण निघाली ती त्यांच्यापर्यंत पोचण्याची. पतीच्या सेवापुस्तकात पत्नीचे सासरचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे. गावाचे नाव इंग्रजीत लिहिताना कारकुनाने केलेला फरक तसाच पन्नास वर्षे पुढे चालत आलेला. आणि पत्त्यातले पोस्ट ऑफिस मध्यंतरी बदललेले. लग्नाला दोनच वर्षे झाली असताना वैधव्य आले. एकच मुलगी, ती लग्न होऊन कराडला. काकू आता पुतण्याकडे राहतात. सन्मानचिन्ह आले तर ते काकूंनी घ्यावे यात वाद नाही. पण त्यांच्या माघारी आडनाव बदललेल्या मुलीचा हक्क कागदावर सिद्ध करायचा, तर किती दाखले लागतील, याचा विचार कोणत्याही सन्मानयोजनेत झालेला दिसत नाही. फौजेच्या नोंदी मुलाच्या आणि आडनावाच्या रेषेने चालतात. वीरगती मिळालेल्या तरुण जवानांच्या घरी अनेकदा एखादी मुलगीच मागे राहिलेली असते, हे ध्यानात घेऊनच वारसाचा नियम केला पाहिजे.

आम्ही आधी नाव आणि पत्त्याची दुरुस्ती करून घेतली. त्यासाठी ग्रामसेवकाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पेन्शनीची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि बँकेचे पासबुक जोडून अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे गेला. पती पूर्व आघाडीवर कामी आले याचे ताजे प्रमाणपत्र मिळाले. काकूंना त्याचा उपयोग आणखी एका ठिकाणी झाला: नातवाला मुजीब शिष्यवृत्तीच्या निकषात बसवण्यासाठी हेच प्रमाणपत्र लागणार होते. मात्र तो नातू मुलीचा मुलगा. ‘थेट वारस’ या शब्दांत मुलीची मुले येतात की नाहीत, याचे लेखी उत्तर मिळवण्यात वेळ गेला आणि तेवढ्यात त्याचे बारावीचे वर्ष संपले.

हवालदारांची फाईल वेगळीच. कागद सगळे नीट. पण निकषच नाही. ते हयात आहेत, म्हणून १,६६१ मध्ये नाहीत. जखमी झाले होते, पण गंभीर नव्हे. खांद्याच्या जखमेवर लष्करी रुग्णालयात उपचार न झाल्याने सेवापुस्तकात तिची नोंदच नाही, म्हणून नातू शिष्यवृत्तीत नाही. दरवर्षी डिसेंबरात दोन्ही देशांची शिष्टमंडळे एकमेकांकडे जातात: भारतातले काही निवृत्त सैनिक ढाक्याला, तिथले मुक्तियोद्धे कोलकात्याच्या फोर्ट विल्यमला. ही प्रथा फार चांगली आहे आणि २०२४ च्या तणावाच्या वर्षातही ती मोडली नाही. परंतु अशा शिष्टमंडळात जागा मोजक्या, आणि त्यांत मोठ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांचे पारडे जड असणे स्वाभाविक आहे. कोरेगाव तालुक्यातला हवालदार त्या विमानात बसण्याची शक्यता नगण्य.

म्हणजे परिस्थिती अशी आहे. सेनापती असाल तर हयातीत सन्मान, शिपाई असाल तर वीरगतीनंतर. हे कोणी ठरवून केले असे मी म्हणणार नाही. मोठ्या नावांची यादी कोणालाही घरबसल्या करता येते, आणि वीरगतीची यादी प्रत्येक फौजेकडे तयार असते. जो शिपाई लढला आणि जिवंत परतला, त्याची यादी मात्र कोणाकडेच तयार नसते. ती करावी लागते. सन्मानयोजनेतली खरी मेहनत तिथे आहे, आणि नेमकी तिथेच ही योजना थांबली.

ती थांबायलाच हवी होती असे नाही, हे दोन देशांच्या उदाहरणांवरून दिसते. फ्रान्सने १९९८ साली पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीला ८० वर्षे होताना आपल्या भूमीवर लढलेल्या आणि तोवर हयात असलेल्या दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना लीजन ऑफ ऑनर हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. २०१४ साली, दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्याला ७० वर्षे झाली तेव्हा, फ्रान्सच्या मुक्तीत भाग घेतलेल्या हयात ब्रिटिश सैनिकांसाठी तोच निर्णय झाला. तिथे हुद्दा पाहिला नाही, शौर्यपदक आहे का हेही विचारले नाही. फ्रान्सच्या मुक्तीसाठी लढलात आणि हयात आहात, एवढे पुरेसे. सैनिकाने अर्ज करायचा, त्याच्या देशाच्या संरक्षण खात्याने नोंद तपासायची, फ्रान्सने मंजुरी द्यायची. सुरुवातीला अर्जांचा ढीग साचला आणि नव्वदी गाठलेले काही जण पदकाची वाट पाहतच गेले. त्यावर ब्रिटनमध्ये टीका झाली, मग कामाला गती आली आणि पुढे हजारो जणांपर्यंत पदक पोचले. उशीर झाला तरी पद्धत सुधारता येते, हे या अनुभवातून दिसते.

दुसरे उदाहरण दक्षिण कोरियाचे. १९५० ते १९५३ च्या युद्धात आपल्या बाजूने आलेल्या परदेशी सैनिकांना तो देश अनेक वर्षांपासून ‘शांतिदूत पदक’ देत आला आहे. हे पदक महागडे नाही आणि त्यासाठी पराक्रमाची कसोटी नाही. त्या युद्धात सेवा केली असणे हाच निकष. भारताने त्या युद्धात लढाऊ फौज पाठवली नव्हती, पण लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवले होते, आणि त्या पथकाची आठवण कोरियाने आजवर सोडलेली नाही. समृद्ध झालेल्या देशाने जुने ऋण कसे आठवावे, याचा हा फार सुंदर नमुना मला वाटतो. बांगलादेश कोरियाइतका श्रीमंत नाही, हा आक्षेप इथे टिकत नाही, कारण मुद्दा खर्चाचा नाहीच.

सातारा जिल्ह्याला या विषयाची जाण इतरांपेक्षा अधिक असायला हवी. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि ब्रिटिशांनी त्यांच्यासाठी गावात स्मारक उभारले. कराडला दरवर्षी डिसेंबरात विजय दिवस समारोह होतो, आणि तो १९७१ च्याच विजयाचा असतो. युद्धाच्या वर्षी देशाचे अर्थमंत्री कराडचे यशवंतराव चव्हाण होते. सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार तिजोरीवर पडलेला असताना प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे ‘शरणार्थी सहायता’ तिकीट लावावे लागत होते, हे त्या पिढीतल्या लोकांना आठवत असेल. म्हणजे जमालपुरात लढलेला शिपाई आणि गावात पत्र टाकणारी त्याची आई, दोघांनीही त्या देशासाठी काही दिले होते.

ऑगस्ट २०२४ नंतर प्रश्न अधिक अवघड झाला आहे. शेख हसीनांचे सरकार गेले, आणि त्या उलथापालथीत बांगलादेशातील मुजीबनगर येथील स्मारकसंकुलातली शिल्पे फोडली गेली. १६ डिसेंबर १९७१ च्या शरणागतीचे दृश्य दाखवणारे शिल्पही त्यांत होते. ती छायाचित्रे हवालदारांनी मोबाइलवर पाहिली. ते फारसे बोलले नाहीत. इतकेच म्हणाले, की तिथल्या गावातल्या बायांनी आम्हाला पाणी पाजले होते, त्यांनी हे केले नसणार. मला हे विधान महत्त्वाचे वाटते, कारण त्यात देश आणि सरकार यांतला फरक अचूक पकडला आहे. २०११ ते २०२२ या काळातले जवळजवळ सगळे सन्मान एकाच पक्षाच्या राजवटीत, त्या पक्षाच्या इतिहासकथनाशी जोडून दिले गेले. शिष्यवृत्तीला नावही त्याच पक्षाच्या नेत्याचे, शेख मुजीबांचे. परदेशी सैनिकाच्या सन्मानाला संसदेच्या कायद्याचा किंवा कायमस्वरूपी राजपत्राचा आधार असता, तर सरकार बदलल्यावर उरलेल्या सोळाशे कुटुंबांना आपली पाळी येणार की नाही, याची धास्ती राहिली नसती. राष्ट्रीय पदक देणाऱ्या प्रत्येक देशाने हा धोका ओळखला पाहिजे; फ्रान्समध्ये १८०२ पासून राजवटी किती बदलल्या, पण लीजन ऑफ ऑनर टिकली, ती तिच्या संस्थेमुळे.

मग आज करण्यासारखे काय आहे? ढाक्यात कोणाचे सरकार येते याची वाट न पाहता भारताच्या बाजूने होण्यासारखे काम पुष्कळ आहे, आणि त्यातले पहिले काम म्हणजे पूर्वी स्टार मिळालेल्या हयात सैनिकांची जिल्हावार यादी. अभिलेख कार्यालयांकडे पदकांच्या नोंदी आहेत, पेन्शन वाटणाऱ्या यंत्रणेकडे दरवर्षी हयातीचा दाखला येतो; या दोन नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, की यादी तयार होते. गावोगाव फिरण्याची गरज नाही. त्या वर्षी भरती झालेला सर्वांत तरुण जवानही आता सत्तरीच्या पुढे आहे. ही यादी दहा वर्षांनी करायला घेतली, तर तिच्यात फारशी नावे उरणार नाहीत आणि तिचा उपयोगही उरणार नाही. यादी हाती असेल तर पुढच्या कोणत्याही भेटीत, कोणत्याही सरकारसमोर ती ठेवता येईल, आणि मागणीही साधी असेल: हुद्दा न पाहता प्रत्येकाला एक सन्मानपत्र, आणि ते त्याच्या गावी, ग्रामसभेत, जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांच्या हस्ते.

गावी देण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. दिल्लीच्या सभागृहात सात कुटुंबे बसली, त्यांचा मान झाला, ते योग्यच झाले. पण सोळाशेंहून अधिक कुटुंबांना दिल्लीला नेणे शक्य नाही, आणि नेले तरी ज्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या बाईचे वैधव्य पाहिले, त्यांना तो मान दिसत नाही. सैनिकाचा सन्मान त्याच्या वाडीवस्तीला दिसला पाहिजे. सातारा जिल्ह्यात हे अवघड नाही. इथे सुट्टीवर आलेल्या जवानाला मेजर म्हणून हाक मारणारी गावे आहेत, मग त्याचा हुद्दा काहीही असो.

या प्रकरणाची आजची स्थिती नोंदवतो. वीरपत्नीच्या नावाची आणि पत्त्याची दुरुस्ती पूर्ण झाली आहे आणि मुलीचे नाव दुय्यम वारस म्हणून लागले आहे. सन्मानपत्र अजून हाती आलेले नाही. हवालदारांच्या बाबतीत खांद्याच्या जखमेची नोंद करून घेण्यासाठी त्या वेळच्या दोन साथीदारांची प्रतिज्ञापत्रे जोडली आहेत. त्यांपैकी एक जण पाटण तालुक्यातले आणि एक शिराळ्याकडचे. दोघांचाही पूर्वी स्टार आहे आणि दोघांनाही याआधी कोणी काही विचारलेले नव्हते. त्यांच्या सांगण्यावरून आणखी काही नावे निघाली आणि आसपासच्या तालुक्यांतील जमालपूरच्या लढाईत असलेल्या हयात सैनिकांची एक हस्तलिखित यादी आता आमच्याकडे आहे: नाव, सेना क्रमांक, गाव, तालुका, पदके. गावच्या ग्रामसभेने ठराव करून ती यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठवण्यास मंजुरी दिली आहे, आणि शेजारच्या दोन गावांनीही आपापली नावे देण्याचे कबूल केले आहे.